भुलाबाईची आत्या आणि सप्तपर्णीची रांग

आत्याला झाड फुलायच्या आधी कळायचं. भादवा सरत आला की ती अंगणात उभी राहून हवा हुंगायची आणि आत जाऊन एकेक खिडकी लावून घ्यायची. मग दोन-चार दिवसांत सप्तपर्णीवर हिरवट झुबके दिसू लागत. आमच्या वर्ध्याच्या कॉलनीतल्या बायका हसत. "आत्या, हवामान खात्यात लागून जा!" आत्याही हसे, पण तोंडावर पदर धरून.

ती सगळ्यांची भुलाबाईची आत्या. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसली की महिनाभर रोज संध्याकाळी पोरी तिच्या अंगणात जमायच्या. डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा, मग गाणी. एवढ्याशा देहातून निघालेला आवाज पार चौकात ऐकू येई. एखादी पोरगी पुटपुटली तर म्हणायची, "तोंड उघड ना वं! भुलाबाई का बहिरी हाये?"

झाडं मी लावली. कॉलनीचा सचिव होतो. रोपांना जाळ्या मिळाल्या नव्हत्या आणि सप्तपर्णीला बकऱ्या तोंड लावत नाहीत, म्हणून आत्याच्या दारासमोर एक आणि मागच्या गल्लीत रांगेनं तीच लावली. आत्या तेव्हाच म्हणाली होती, "बकरी जे खात नाई, ते माणसाच्या दारात काऊन लावता भाऊ?" सगळे हसले. मीही हसलो.

झाडं वाढली तसा तिचा दमा वाढला. डॉक्टरांनी फुलांच्या परागांपासून लांब राहायला सांगितलं. ती माझ्याकडे आली. "भाऊ, एक तर झाडं काढा, नाईतर मले काढा." मी तिला सावलीवर भाषण दिलं. त्याच वर्षी ती भावाकडे गिरडला निघून गेली. भुलाबाईची गाणी मग मोबाईलवर वाजू लागली.

पुढे एका श्रावणात तिचा फोन आला.

"इथं बरी आहो मी. पण पोरींची लय आठवण येते. झाडं तोडली का?"

तिच्या दारासमोरचं तेवढं तोडलं होतं. मागच्या गल्लीतली रांग उभीच होती. मला वाटायचं, तिचा दमा निम्मा मनाचा. झाडं नाहीत असं समजलं की श्वास आपोआप मोकळा होईल.

"सगळी तोडली," मी म्हणालो.

"मंग येते. पोरींले सांगून ठेवजो."

भुलाबाईत ती आली, ती भरदुपारी, फुलांचा वास सुटायच्या आधी. दारासमोरचा बुंधा पाहून तिनं मला हात जोडले. संध्याकाळी अंगण भरलं. पहिली दोन गाणी जुन्याच आवाजात झाली. तिसऱ्याच्या वेळी वारा पडला आणि घरामागून तो गोड, जड वास अंगणात उतरला. आत्याचा सूर तुटला. तिनं पोरींच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आत्या, म्हण ना," पोरी म्हणाल्या.

तिनं छातीवर हात दाबून ते गाणं पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती वारली. कॉलनीत अजून सांगतात, म्हातारीला प्रवास झेपला नाही, आराम करायचं सोडून गात बसली. मागची रांग आता दुमजली घरांच्या वर गेली आहे, आणि यंदा कळ्या दाट आहेत. लोक आत्याला हट्टी म्हणतात ते मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. ती हट्टानं आली नव्हती. मला विचारून आली होती.