पोलादपूरकडे मायनस

तुमच्या गावाच्या दिशेला कुणी रोज फळ्यावर मायनस लिहिलं, तर तुम्ही गप्प बसाल? मी बसले नाही, आणि त्यापायी बारावीला फिजिक्समध्ये नापास व्हायची वेळ आली. पण आधी तो मायनस लिहिणाऱ्या काकांबद्दल सांगायला हवं. कारण दोन वस्तूंच्या टकरीवर एवढा जीव लावणारा माणूस महाड-पोलादपुरात दुसरा झाला नाही.

काका महाडला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये शिपाई होते. नव्वदच्या दशकाची अखेर होती ती. उपकरणं काढायची, पुसायची, कपाटात ठेवायची, एवढंच त्यांचं काम. पण वर्षानुवर्षं प्रॅक्टिकल ऐकून त्यांच्यात टकरीची गणितं अशी मुरली होती, की सर स्वतः आम्हाला त्यांच्याकडे पाठवायचे. काका लांब टेबलावर दोन लाकडी ट्रॉल्या समोरासमोर सोडायचे. आदळून त्या चिकटायला हव्या असतील, तर घरून डब्यात कणकेचा गोळा यायचा आणि त्या दिवशी काकूंच्या दोन पोळ्या कमी पडायच्या. ट्रॉल्या आदळल्या की काका टेबलाला कान लावून समाधानानं म्हणायचे, "गेली." म्हणजे ऊर्जा. "मोमेंटम, म्हंजे वजन गुनिले येग, कुटं जात नाय. एनर्जी जाते. थोडी आवाजात गेली, थोडी कणीक दाबण्यात." हे वेड लॅबपुरतं नव्हतं. एकदा एस. टी. स्टँडवर दोन सायकलवाले एकमेकांवर आदळून हमरीतुमरीवर आले होते. काका गर्दीत घुसले, पण भांडण सोडवायला नाही. "चिकटलात का उसळलात, त्ये सांगा आदी." एक जण कळवळून म्हणाला, "काका, गुडघा फुटलाय माझा." "मंग थोडी तिकडं गेली," म्हणत काकांनी त्याला खांदा दिला आणि दवाखान्यापर्यंत नेलं.

लॅबची खिडकी मुंबईच्या दिशेला होती, दार पोलादपूरच्या. फळ्यावर काका रोज लिहायचे: मुंबईकडे प्लस, पोलादपूरकडे मायनस. मी रोज पोलादपूरहून यायचे, आणि आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा मोर्चा-निषेधाची पत्रकं जास्त वाचली जायची. मी तत्त्व म्हणून मायनस लिहिणं सोडलं. त्यामुळे समोरासमोरच्या टकरीत जिथं वजाबाकी हवी तिथं माझी बेरीज व्हायची, आणि माझ्या वहीतल्या ट्रॉल्या आदळूनही पहिल्याच वेगानं पळत राहायच्या. प्रिलिमला नापास झाले. बोर्डाला महिना उरला होता, आणि बारावी सुटली नाही तर पुढं शिकणं बंद, हे घरी ठरलेलं होतं. मी अभ्यास करायचा सोडून पत्रक लिहिलं, 'पोलादपूर मायनस का?', आणि लॅबच्या दाराला डकवलं.

काकांनी चष्मा लावून ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, शेवटच्या 'जाहीर निषेधा'सकट. मग म्हणाले, "अक्षर चांगलं हाय. तू लिवलंस गो?"

"हो."

"माझं घर उमरठच्या वरल्या वाडीत. मी पन मायनसच की."

"मग लिहिता कशाला?"

काकांनी कणकेचा गोळा ट्रॉलीला लावला. "पयल्या सरांनी तसं लिवलं व्हतं. मी कवा इचारलं नाय."

त्यांनी फळा पुसला, पोलादपूरकडे बाण काढला आणि त्यावर प्लस लिहिला. "सोडव आता." दोन किलोची ट्रॉली तीनच्या वेगानं पोलादपूरकडे, एक किलोची तेवढ्याच वेगानं मुंबईकडे. मुंबईला मायनस घालताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. दोन्ही चिकटून एकच्या वेगानं पोलादपूरकडे निघाल्या. मग काकांनी तेच गणित मुंबईला प्लस धरून सोडवायला लावलं. मी नाइलाजानं मायनस लिहिला. वेग पुन्हा एकच, दिशाही पोलादपूरचीच.

"बदललं उत्तर?"

"नाही."

"आन एनर्जी?"

वेगाचा वर्ग केल्यावर मायनस उरतच नव्हता. आधी साडेतेरा, नंतर दीड, दोन्ही वेळा.

"एनर्जीला गाव नाय," काका म्हणाले. "आन मायनस म्हंजे उलटं गो, कमी नाय."

बोर्डात टकरीचं गणित आलं. मी मायनस लिहिला आणि पास झाले.

पुढं काही वर्षांनी एस. टी.त शेजारी नाते गावची एक मुलगी बसली होती, माझ्याच कॉलेजची. तिच्या वहीत पहिल्याच पानावर होतं: नाते गावाकडे प्लस. मी विचारलं तेव्हा ती लाजून म्हणाली, "काका दर वर्षी वर्गात सगळ्यात गप्प बसणाऱ्याला गाव विचारतात. यंदा मी होते. मी म्हटलं, काका, याची काय गरज? तर म्हणाले, उत्तर त्येच येतं, मंग कुनाच्या गावाला प्लस म्हनायला आपलं काय जातं?"

काका निवृत्त होऊन वाडीत गेले, आणि आता नाहीत. मी त्यानंतर पुष्कळ पत्रकं लिहिली. इतक्या शांतपणे ऐकलं गेलेलं मात्र ते एकच.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही घरी, शाळेत, शिकवणीत कुणाला टकरीचं गणित शिकवत असाल, तर आकडे मांडण्याआधी कोपऱ्यात गप्प बसलेल्या पोराला गाव विचारा. बाण तिकडे काढा. उत्तर तेच येईल.