सिरीयलमधल्या जवानासाठी तेल

आमच्याकडं संध्याकाळी दूध डेअरीवर गेलं की टीव्ही लागतो आणि युद्ध सुरू होतं. माझा नवरा फौजेत, म्हणून ती जवानांची सिरीयल आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एक दिवस चुकवत नाहीत. मला मात्र ती बघताना तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातली जवानाची बायको भाकरी थापते ती पैठणी नेसून! धाय मोकलून रडते, पण काजळ जागचं हलत नाही. आणि तिचा तो जवान, डोक्यावरून गोळ्या चालल्यात तरी तिच्याशी फोनवर निवांत बोलतोय. अगं बाई, कुठल्या कंपनीचं सीमकार्ड म्हणायचं हे?

मागच्या सुट्टीत आमच्या ह्यांनी एक भाग पाहिला आणि अर्ध्यातच उठून गोठ्यात गेले. मी मागं गेले तर म्हणाले, "तिथं कुणी एवढं बोलत न्हाई." सुट्टीवर आलेला माणूस आधी काही दिवस घरात पाहुण्यासारखा वावरतो, ताट हातात घेऊन उभ्या-उभ्याच जेवतो, हंडा पडला तरी दचकतो, हे कुठली सिरीयल दाखवणार? आत्याबाईंनी विचारलं, "असंच असतंय का रं तिथं?" तर आईला म्हणाले, "व्हय, असंच."

ते परत गेले आणि एक दिवस फोन आला. "वर चौकीवर चाललोय. तिथं रेंज न्हाई. फोन आला न्हाई तर घाबरू नका." तेव्हापासून फोन नाही. खुरपताना, धुणं धुताना मी मोबाईल बघते. व्हॉट्सअॅपवर माझ्या मेसेजपुढं एकच टिक. गावात कुणाला विचारावं तर म्हणतात, बातम्यांत काय न्हाई म्हंजी सगळं ठीक हाय.

नेमकी तेव्हाच सिरीयलमधल्या जवानाला गोळी लागली. शनिवारी आत्याबाई तेलाची बाटली पिशवीत घालून एसटीनं शनी शिंगणापूरला गेल्या. लेकासाठी गेल्या म्हणून मला बरं वाटलं. परत आल्यावर कळलं, तेल वाहिलं ते सिरीयलमधल्या पोराच्या नावानं! माझं डोकंच फिरलं.

"अहो, तो पैसे घेऊन झोपलाय त्या दवाखान्याच्या पलंगावर! तुमचं स्वतःचं लेकरू..."

"हळू बोल," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या लेकराचं नाव शनीच्या कानावर घालू न्हाई. ध्यानात ऱ्हायलं त्याच्या, तर? दोघं एकाच कामाला हायेत. त्याचं बरं झालं की आपल्याचं बी झालं समजायचं."

कपाळ माझं! पुढच्या शनिवारीही गेल्या. तिकडं त्या पोरानं डोळे उघडले, तशा इकडं आत्याबाई दोन घास जास्त जेवायला लागल्या. खरं सांगते, मलाही धीर आला. तवा उतरवून मीही त्यांच्याशेजारी बसायला लागले.

काल तो मेला. तिरंगा, बिगूल, पैठणीवाली पांढऱ्या साडीत. जाहिराती लागल्या तरी आत्याबाई पडद्याकडंच बघत होत्या.

"नाटक आहे ते, आत्याबाई!" मी ओरडलेच. रागानं की भीतीनं, देव जाणे. "खोटं आहे सगळं!"

"मग खरं तू सांग. कुठं हाय माझं लेकरू?"

मी जाऊन टीव्ही बंद केला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"या शनवारी आपल्या लेकराचंच नाव घिऊ का गं? तू शिकल्याली हाईस, तू सांग."

इतके दिवस मी त्यांना हसत होते. घ्या की, त्यात काय, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण तोंडून निघालं, "नको. त्यांचं नाव नका घेऊ."

आणि तेसुद्धा मी कुजबुजतच म्हणाले.