लिंडेची आई कोण?

फ्राऊ ब्रांटनी स्क्रीनवर बोट आपटलं. "माझी लिंडे या कुटुंबात कशी आली?"

गुरुवार होता. रविवारी ऱ्हाईनकाठच्या रेसकोर्सवर फिलींची, म्हणजे तीन वर्षांच्या माद्यांची, मानाची शर्यत होती. तिचा इतिहास सांगणारा टचस्क्रीन मी बनवला होता. बर्लिनजवळची सुरुवात, युद्धानंतर पश्चिमेकडे आलेली शर्यत, सगळ्या विजेत्या आणि त्यांची कुटुंबं. कोलोनच्या आमच्या छोट्या कंपनीत मला एकटीला मिळालेलं हे पहिलं काम. फक्त आबनामे, म्हणजे क्लायंटने तपासून सही करणं, बाकी होतं. रेसकोर्सच्या क्लबतर्फे सही करणार होत्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या फ्राऊ ब्रांट.

घोड्यांची पैदास करणाऱ्या त्यांच्या स्टडफार्मच्या तिघी घोड्या ही शर्यत जिंकल्या होत्या. आजी लोरा, आई लेनी, लेक लिंडे. फार्म कधीच विकला गेला. "आता माझं काही उरलं असेल तर ते या यादीत," त्या म्हणाल्या. आणि माझ्या स्क्रीनवर तिघी तीन टोकांना होत्या.

चूक माझीच. मी कुटुंबं बापावरून लावली होती. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून तसंच असतं. कुणाला विचारावं असं मला वाटलंच नाही.

"बाप एका दिवसापुरता," फ्राऊ ब्रांट म्हणाल्या. "घोडी त्याच्याकडे जाते आणि परत येते. त्याची शिंगरं शेकडो. घराणं आईवरून!"

सोबत आलेले माझे बॉस, हेर केसलर, घाईने म्हणाले, "आल्झो, असं करू, कुटुंबांचं बटणच बंद करू. सही तरी मिळेल."

"नको," मी म्हटलं. "शनिवार दुपारपर्यंत वंशवृक्ष नव्याने लावते. फक्त फ्राऊ ब्रांट शेजारी हव्यात."

प्रत्येक घोडीच्या आईचं नाव डेटाबेसमध्ये होतंच. जुन्या नोंदींत मात्र कुठे कुठे आई-बापांची अदलाबदल झाली होती. तिथे इथल्या ब्रीडर्सची रीत कामाला आली. शिंगराचं नाव आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात. मी तासाभरात तपासणीचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अक्षर जुळलं नाही की ओळ लाल. प्रत्येक लाल ओळ फ्राऊ ब्रांट आपल्या जुन्या वह्यांत शोधायच्या आणि मधेच मला बळंच केक खायला लावायच्या.

शनिवारी अकराला लाल ओळी संपल्या. लोरा, लेनी, लिंडे एका रेषेत आल्या. फ्राऊ ब्रांटनी त्या रेषेवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मग त्यांनी सही केली.

"तुमच्या आईचं नाव काय?"

"सुनंदा."

"ते तुमच्या नावात कुठे आहे?"

माझ्या नावात आधी बाबा होते, लग्नानंतर नवरा. "कुठेच नाही," मी म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग तुमचीही ओळ लाल."

रविवारी स्क्रीन वेळेवर सुरू झाला. मी एवढंच शिकले की डेटा क्लायंट देतो, पण त्यातल्या चुका कधी कधी आपण घरून आणतो. शेवटच्या पानावर बनवणारीचं नाव असतं. तिथे मी 'मंजिरी सुनंदा जोशी' टाकलं.

"नाव चुकलंय का?" हेर केसलरनी विचारलं.

"चुकलं होतं," मी म्हटलं. "आता दुरुस्त केलंय."