बायकोच्या मापाचे बूट

वरच्या तळ्याकडे गाडी जात नाही. राखीव डोंगर तो. फाटकाशी उतरायचं आणि पायी चढायचं. त्यामुळे खालच्या गावात बूट शिवणाऱ्या काकांची चांदी होती. दुकानाची एक रीत होती: बूट दुरुस्तीला टाकला की तोवर वापरायला दुसरा जोड द्यायचा. आलेल्या पाहुण्याचा दिवस वाया जाता कामा नये.

नवं लग्न झालं तेव्हा बायकोनं तळं बघायचा हट्ट धरला. काकांनी हौसेनं तिच्या मापाचे बूट शिवले, आणि त्याच आठवड्यात एका पाहुणीची अडचण भागवायला देऊन टाकले. झालं! तेव्हापासून तो जोड हिच्या पायातून तिच्या पायात. बायकोनं विचारलं की काका म्हणायचे, हंगाम सरू दे. हंगाम सरला की फाटक बंद. माणूस भला, पण या एका बाबतीत निव्वळ दगड. परत आलेल्या बुटांचा चिखल मात्र तीच काढायची.

यंदा लेकीनं चांगलं खडसावलं, तेव्हा कुठे काकांनी ऐन हंगामात दुकानाला कुलूप लावायचं ठरवलं. निघताना बायकोला बूट चढवायला बसले, तर पाय आत जाईना. घोटे सुजलेले, बोटं वाकडी. परक्यांच्या पायाचं माप नुसत्या नजरेनं घेणारा हा बाप्या, घरच्या पायांकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रापीनं शिवण उसवून त्यांनी चामड्याची पट्टी जोडली आणि बूट बसवले.

फाटकापुढचा पहिलाच चढ लागला आणि ती दगडावर बसली. सावकाश जाऊ, मी धरतो, काका विनवत होते. तिनं मान हलवली.

"माझे बूट किती वेळा जाऊन आले," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना जाऊ दिलंत, मला नाही."

काकांनी तिला हात देऊन उठवलं. दोघं उतरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी एक बाई टाच निघालेला बूट घेऊन आली. बायकांसाठीचा तेवढाच जोड दुकानात उरला होता.

"ते द्यायचे नाहीत," काका म्हणाले. "बायकोचे आहेत."

"द्या हो," आतून बायको म्हणाली. "तिचं तरी राहून जायला नको."

काकांनी बूट पुढे केले. बाईनं पाय घातला, चार पावलं चालली आणि बूट काढून ठेवले. फारच ढगळ होतात म्हणाली. पट्टी जोडून वाढवलेले ते बूट आता फक्त बायकोलाच बसत होते.