तंगुसाची तार

वीज नसलेल्या घरात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवून बघितली, आवाज झकास आहे म्हणून ती पसंतही केली, आणि घरात वीज नाही हे मला नंतर दुसऱ्याने सांगितलं.

या मूर्खपणाला आणखी शोभा यावी म्हणून माझा धंदाही सांगून टाकतो. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात. दिवसभर पोरांच्या अंगावर ओरडायचो – हात लावायच्या आधी लाइन चेक करा, लाइन चेक करा...

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरातले अनुभव आमच्याकडे बायको मोठ्याने वाचून दाखवते आणि मी चहा पिता पिता प्रत्येकाचं कारण काढून देतो. उंदीर. वारा. रात्री खाल्लेली भजी. परवा ती मासिक मिटून म्हणाली, "मग करावे गावातल्या त्या गिटारचं कारण काढा की." गेली कित्येक वर्षं ती हे एकच वाक्य बोलून माझं तोंड बंद करते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला उंदीर सापडला तर बघा.

साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. आमचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेली आणि आम्ही वाशीला नव्या वसाहतीत राहायला आलेलो. वाशीत तेव्हा बिल्डिंगींपेक्षा बिल्डिंगींच्या पाट्या जास्त. खाडीवरून वारा सुटला की गॅलरीतला टॉवेल थेट पुढच्या सेक्टरात. माणसं मात्र झकास होती... कुणाकडे पाहुणे आले की अख्ख्या मजल्यावरच्या खुर्च्या त्या घरात जमा व्हायच्या. नलिनी, म्हणजे बायको, नेरूळच्या बाजूला शाळेत शिकवायची. बस यायची तेव्हा यायची. उन्हात फाट्यावर उभी राहून तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा काळा झाला होता, पर्स धरायचा तो. लग्नातच आम्ही स्कूटर बुक केली होती. आता इतक्या वर्षांनी आमचा नंबर लागल्याचं कळलं, आणि नलिनीने त्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे वाटले. नुसता नंबर लागला म्हणून, बरं का.

आणि नेमका तेव्हाच जनार्दन माझ्यापाशी येऊन म्हणाला, "साहेब, तुमी गिटार वाजवता ना? एक हाय आमच्याकडं."

जनार्दन माझ्या शिफ्टचा वायरमन, करावे गावचा. त्याचा मोठा भाऊ हरी बोटीवर कामाला होता. जपानहून की कुठून त्याने ती गिटार आणली होती आणि सुट्टीवर आला की गावातल्या हळदीत बेंजो पार्टीबरोबर वाजवायचा. पुढे एका खेपेला गेला तो आलाच नाही. कुठल्याशा परक्या बंदरात तापाने गेला, तिकडेच त्याचं सगळं उरकलं. आता त्यांचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. सामान हलवायचं, तेव्हा गिटार कुणा वाजवणाऱ्याकडे जावी असं जनार्दनच्या मनात होतं.

'वाजवणाऱ्याकडे'... हा शब्द ऐकून मी फुगलो. माझं वाजवणं म्हणजे कॉलेजात एका मित्राने शिकवलेले तीन कॉर्ड. सेक्टरच्या गणपतीत ढोलकीवाला जोरात असला की माझे तीन कॉर्ड खपून जायचे. पण इलेक्ट्रिक गिटार! आपण स्टेजवर उभे आहोत, ढोलकीवाला आपल्याकडे बघतोय... जनार्दनने सांगितलेल्या भावात स्कूटरचे बरेचसे पैसे गेले असते. मी घरी म्हटलं, नुसती बघून येतो. नलिनी म्हणाली, मीपण येते. ती गिटार बघायला येत नव्हती, माझ्यावर लक्ष ठेवायला येत होती.

रविवारी सकाळी आम्ही शिरवण्याच्या फाट्यावर उतरलो आणि बांधावरून चालत करावे गाठलं. वाटेत नलिनी फक्त एकदा बोलली, "स्कूटर असती तर एवढं चालावं लागलं नसतं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

अंगणात जवळा वाळत टाकलेला होता. जनार्दनची आई पाय पसरून बसलेली, कावळे हाकत. ती गावची धवलारीण. म्हणजे त्यांच्याकडे लग्न लागतं ते तिच्या गाण्यांवर, धवल्यांवर. कधीकाळी तिचा आवाज पार खाडीपल्याड जायचा म्हणे. हरी गेल्यापासून तिने गाणं सोडलं होतं. नलिनी तिच्याशेजारी टेकली. मला जनार्दन आत घेऊन गेला.

गिटार पलंगावर ठेवली होती. लाल रंग होता एकेकाळी. जिथे हात घासतो तिथे रंग उडून लाकूड उघडं पडलेलं, तेही घामाने काळपट. मानेचा मागचा भाग तर जुन्या जिन्याच्या कठड्यासारखा गुळगुळीत. एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण. आणि सगळ्यात बारीक तार तुटलेली असावी, कारण तिच्या जागी हरीने मासे पकडायच्या गळाचं तंगूस लावलं होतं, ते नायलॉनचं. मला हसू आलं. इतकी झिजलेली वस्तू मी दुकानात बघितली असती तर नाक मुरडलं असतं. पण हातात घेतली आणि... काय सांगू, कुणाचातरी हात हातात घेतल्यासारखं वाटलं.

अ‍ॅम्प्लिफायर वगैरे भानगड नव्हती. हरीने गिटारची वायर जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागून जोडली होती. त्या रेडिओंना मागे ग्रामोफोनसाठी भोकं असायची, त्यात. तेव्हा बरेच जण असंच करायचे. जनार्दन म्हणाला, "थांबा साहेब, लाइटचं बघून येतो." खोलीत अंधार होताच. मला वाटलं, बल्ब आणायला गेला.

मला थांबवेना. मी रेडिओचं बटण फिरवलं. त्याच्या तोंडावरचा तो हिरवा डोळा, म्हणजे रेडिओ चालू झाल्याचा दिवा, हळूहळू उजळला, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी तारा छेडल्या आणि खोली भरून आवाज आला. भरदार, थोडा कापरा. मी माझे तीन कॉर्ड वाजवले. मग बोटं आपोआप खाली सरकली, बारीक तारेवर, आणि एक चाल निघाली. संथ, तीच तीच ओळ फिरून फिरून येणारी, प्रत्येक वेळी शेवटी जराशी वर जाऊन थांबणारी. मी ती कधी ऐकली नव्हती. मी सातारचा माणूस, मला इकडच्या चाली कुठून माहीत असणार. पण मी मनात म्हटलं, वा... चांगलं वाद्य हातात आलं की कला अशी बाहेर पडते. हे मी खरोखर म्हटलं.

बाहेरून म्हातारीचा आवाज आला, "हरी, आवाज बारीक कर रं."

अगदी सहज. कावळा हाकता हाकता. मला वाटलं, नावात चुकली बिचारी. मी टूथपेस्टचं झाकण फिरवून आवाज बारीक केला, आणि तो झाला.

तेवढ्यात नलिनी दारात आली. ती मघाचीच नलिनी होती, पण चेहरा वेगळा. म्हणाली, "तुम्ही हे कधी शिकलात?"

मी खांदे उडवले. येतं थोडंफार, अशा अर्थाने.

तिने गिटारकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "घ्या ही. स्कूटरचं बघू पुढे कधीतरी. इतकी वर्षं उभी राहिले, आणखी थोडी राहीन." तिचा तो काळा झालेला हात दाराच्या चौकटीवर होता. मी हो म्हणणार, इतक्यात जनार्दन वायरचं भेंडोळं ओढत आत आला. "हं साहेब, बाजूच्या घरातून लाइन घेतली. आता लावा आन् ऐका."

मी म्हटलं, "ऐकलं की. कसली लाइन?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मीटर काढून नेलंय आमचं, म्हणाला. घर पाडायचं म्हणून. आठवडा झाला लाइट नाही घरात.

मी वाकून बघितलं. त्या रेडिओला प्लगच नव्हता. दोन उघड्या वायरी सॉकेटात घालून काडेपेटीच्या काडीने घट्ट करायची पद्धत होती ना, तसलं काम. त्या दोन्ही वायरी रेडिओच्या मागे जमिनीवर पडल्या होत्या. टोकांवर कोळ्याने जाळं केलेलं. मी सुपरवायझर, आणि त्या वायरींच्या शेजारी चप्पल काढून उभा राहिलो होतो.

जनार्दनने शेजारच्या वायरीला त्या जोडल्या. रेडिओ तापला, डोळा हिरवा झाला. मी वाजवलं. घरघर, खरखर, आणि त्यात जाड तारांचा घोगरा आवाज. आणि बारीक तार? मुकी. पार मुकी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, जो मला पहिल्याच नजरेत पडायला हवा होता. इलेक्ट्रिक गिटारला लोखंडाची तार लागते. चुंबकाचा खेळ आहे तो. नायलॉनचं तंगूस तिला ऐकूच येत नाही. लाइट असो, नसो. आणि ती सगळी चाल मी त्याच तारेवर वाजवली होती.

आता म्हातारीही आत आली होती. हाताला जवळ्याचा वास, डोळ्यांत काही नाही. "मघाचा धवला वाजव," म्हणाली. "माजा हाय तो. हरीनं बसवलेला."

मी प्रयत्न केला. मनापासून केला. बोटं त्या तारेवर कशी गेली होती, ती ओळ कुठे वर जाते... काही आठवेना. टिक टिक असा कोरडा आवाज तेवढा आला, सुपारी कातरल्यासारखा. तीन-चारदा झाल्यावर मी थांबलो. ती तशीच उभी होती, माझ्या बोटांकडे बघत.

जनार्दनचा चेहरा उतरला होता. त्याने मला बाजूला नेलं. "साहेब, पैसे नको तुमचे. अशीच न्या. नवीन घरात नको ही."

म्हणजे बघा, गिटार फुकट आणि स्कूटरही शाबूत. आयुष्यात असा सौदा मला पुन्हा मिळाला नाही. माझ्या पुढ्यात ती झिजलेली लाल गिटार, आणि पलीकडे म्हातारी, अजून वाट बघणारी. जो हात मी हातात धरून बसलो होतो तो कुणाचा, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिचं माणूस परत आलं नव्हतं, त्याची राखही आली नव्हती. मी ते तेवढंसं उरलेलं काखोटीला मारून बसमध्ये बसणार?

पण असं काही मोठं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "नको रे. स्कूटरवर मावायची नाही ती."

"स्कूटर कुठं हाय अजून?" जनार्दन म्हणाला.

स्कूटर दोन महिन्यांनी आली. निळी. नलिनी मागे बसून शाळेत जायला लागली. पुढेही आम्ही रविवारी कधीमधी करावेला जायचो. स्लॅबचं घर झालं, गिटार हॉलच्या भिंतीवर टांगली गेली. म्हातारी ती रोज पदराने पुसायची. जनार्दनचं लग्न ठरलं तेव्हा ती पुन्हा धवले गायला बसली. पहिली ओळ ऐकली आणि नलिनीने माझा हात दाबला. तीच चाल. शेवटी जराशी वर जाऊन थांबणारी.

मी कारणं काढली. नाही कशी काढणार? रेडिओत उरलेला करंट – तो डोळ्याचं पातं लवेपर्यंतही टिकत नाही. शेजारचा रेडिओ – शेजारी विचारलं, त्या वेळी कुणाचाच लागला नव्हता. कारखान्यातल्या इंजिनीयरांना विचारलं, त्यांनी मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं. मला भास झाला म्हणावं तर नलिनीनेही ऐकलं, म्हातारीनेही ऐकलं. एकच खुलासा मला पटण्यासारखा होता – माझ्यात कुठेतरी खरी कला दडलेली असावी आणि त्या सकाळी, का कोण जाणे, ती बाहेर पडली असावी.

जनार्दनच्या लग्नानंतर एकदा धीर करून मी म्हातारीला हे बोलूनही दाखवलं. ती गिटार पुसत होती. म्हटलं, "आई, त्या दिवशी तुम्ही हरीला हाक मारलीत, पण वाजवत तर मी होतो ना?"

तिने पुसणं थांबवलंसुद्धा नाही.

"मी हरीलाच हाक मारलेली," म्हणाली. "तुला कुठं वाजवाला येतंय."