नवव्या डब्यातलं आठवं रीळ

चिकटरावाचं खरं नाव थिएटरात कुणी घेत नसे. तुटलेली फिल्म जोडणं हे त्याचं काम. टोकावरचा थर ब्लेडने खरवडायचा, ब्रशने सोल्यूशनचा एक थेंब लावायचा, दुसरं टोक त्यावर ठेवून अंगठ्याने दाबायचं आणि मनात वीस आकडे मोजायचे. त्याने जोडलेली जागा पुन्हा सुटली, असं मी माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही. मी ऑपरेटर, म्हणजे मशीन चालवणारा, आणि तो माझ्या हाताखाली.

नवा पिक्चर आला की तो चौदाच्या चौदा रिळं टेबलावर उलगडायचा. हातात सुती मोजा चढवून फिल्म बोटांतून सोडायचा. कडेचं एखादं भोक फाटलेलं असलं तर ते डोळ्यांआधी त्याच्या बोटांना कळायचं. मग प्रत्येक रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर आकडा, डब्यावर तोच आकडा, आणि डबे फळीवर ओळीने. गंमत म्हणजे बहुतेक पिक्चर त्याने गुंडाळतानाच पाहिलेले. म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि तेही मुके. "हिरॉईन चारशे फुटांवर येते," असं सांगायचा. दिसायला कशी आहे विचारलं की लाजायचा.

तेव्हा हेरगिरीच्या पिक्चरांची एक मालिका जोरात होती. हेर तोच, दर दोन वर्षांनी पिक्चर नवा. तिसरा भाग आमच्याकडे लागला आणि तिकीटखिडकीवर झुंबड उडाली. त्याच सुमारास माझे डोळे दगा द्यायला लागले होते. चष्मा केला होता, पण तो खिशातच असायचा. चष्मेवाला ऑपरेटर मालकांना चालणार नाही, अशी मला भीती होती. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा ऐट जास्त होती.

पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला चिकटराव पोस्टरं आणायला गेला होता. सातवं रीळ संपत आलं तसा मी फळीवरून एक डबा उचलला आणि आकडा न वाचताच रीळ मशीनवर चढवलं. ते नववं होतं. त्यात हेराचा साहेब गोळी लागून मरतो. त्यानंतर चढवलं ते आठवं, आणि त्यात तोच साहेब टेबलामागे बसून हेराला झापायला लागला. तेव्हा कुठे मी डब्यांवरचे आकडे वाचले. पब्लिक मात्र खूश! मेला तो साहेबाचा तोतया होता, असं समजून शिट्ट्यांवर शिट्ट्या. पण त्या गर्दीत वितरकाचा माणूस बसला होता, आणि त्याला पिक्चर पाठ होता.

खेळ सुटला. जिन्यावर मालकांचा आणि त्या माणसाचा आवाज आला. माझ्या हातात अर्धं मिनिट होतं. तेवढ्यात मी आठवं रीळ नवव्या डब्यात घातलं आणि नववं आठव्या. घाबरून हात आपोआप चालले, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. हात आपोआप चालत नाहीत.

"मी डबा बघूनच लावलं साहेब. आत भरतानाच उलटसुलट झालंय," मी म्हणालो.

तेवढ्यात चिकटराव पोस्टरांची गुंडाळी काखेत घेऊन आत आला. मालकांनी दोन्ही डबे उघडून त्याच्यापुढे धरले. त्याने पट्टीवरचा आकडा पाहिला, डब्यावरचा पाहिला, पुन्हा पट्टीवरचा पाहिला. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघणार. त्याने बघितलंच नाही. "माझ्याच हातून झालं असेल," म्हणाला. संध्याकाळच्या खेळाआधी त्याला नोकरीवरून काढलं.

याहून लाजिरवाणं पुढेच आहे. मी त्याचा विनोद केला. चार माणसं जमली की 'आमच्या चिकटरावाने मेलेला साहेब जिवंत केला' हे मी रंगवून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. माझी मुलं तेच ऐकत मोठी झाली. मग नातही.

आता त्या मालिकेचा कितवा तरी नवा भाग येतोय, म्हणून नातीने जुने सगळे भाग ओळीने बघायचा घाट घातला. मागच्या आठवड्यात तिसऱ्याची पाळी आली. मीही शेजारी बसलो. साहेब गोळी लागून पडला आणि या वेळी उठला नाही. तेवढ्यात नात हसली. "आजोबा, हाच ना तो जिवंत केलेला? काय वेंधळा माणूस असेल हो तुमचा चिकटराव!"

"तोंड सांभाळून बोल!" मी खेकसलो. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिचं काय चुकलं? तिने माझंच मला ऐकवलं होतं. तिला तिथल्या तिथे खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिकटरावाकडे गेलो. बाजारामागच्या गल्लीत त्याचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं ती गल्ली टाळून मी लांबचा वळसा घेत होतो. तो एका बुटाचा तळ चिकटवत बसला होता. शेजारी त्याची बायको बुटांना आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधत होती.

"ऑपरेटरसाहेब! या, या." त्याने स्टूल पुसून पुढे केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी नजर चिठ्ठ्यांवर गेलेली पाहून तो म्हणाला, "आकड्यांचं काम हिच्याकडे. मी त्या फंदात पडत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

"तुला दुसऱ्या थिएटरात कुणी बोलावलं नाही?"

"बोलावलं की. तीनदा निरोप आला. मीच गेलो नाही. ते कसं चुकलं तेच मला कळलं नाही, मग पुढच्या वेळी जपणार तरी काय?"

त्याने माझी लबाडी ओळखली होती आणि माझी नोकरी वाचावी म्हणून तो गप्प बसला होता, असं मी एकतीस वर्षं धरून चाललो होतो. तसं धरणं सोयीचं होतं. आणि हा तर स्वतःलाच गुन्हेगार समजत होता.

मी सगळं सांगून टाकलं. खिशातला चष्मा, डबे, ते अर्धं मिनिट.

त्याने हातातला बूट खाली ठेवला. "म्हणजे मी बरोबर भरलं होतं?"

"बरोबर भरलं होतंस."

"आठव्यात आठवं?"

"आठव्यात आठवं. नवव्यात नववं."

"अगं, ऐकलंस का?" बायको हाताच्या अंतरावर होती, तरी तो ओरडला. "माझं बरोबर होतं!" त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. त्याला हसताना पाहून मला वाटलं, सुटलो. आणि तसं वाटल्याची आणखी लाज वाटली.

"वहिनी, मला माफ करा," मी म्हणालो.

त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "काल झोपतानासुद्धा ह्यांनी मला विचारलं, दाराला कडी लावली का म्हणून," त्या म्हणाल्या. "स्वतःच लावली होती. एकतीस वर्षं रोज स्वतः लावतात, आणि रोज मला विचारतात."