पान साठला गळतंय

माझ्या आत्याने पास केल्याशिवाय मुलुंड पूर्वेला एकही पुस्तक विकलं जाऊ नये, असा काही कायदा नाही. पण ही गोष्ट आत्याला अजून कोणी सांगितलेली नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात तिने अठ्ठावीस वर्षं नळाच्या तोट्या तपासल्या. निवृत्त झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या पुस्तकांच्या दुकानात ‘जरा बसायला’ म्हणून आली आणि बसली ती बसलीच. इतर दुकानांत पुस्तकाखाली ‘मनाला भिडणारी कादंबरी’, ‘जरूर वाचा’ अशा गोड चिठ्ठ्या असतात. मीही आपली तशाच लिहीत होते. आत्याने त्या एका दुपारी सगळ्या काढून टाकल्या आणि कारखान्याची पद्धत सुरू केली. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळी म्हणजे होल्ड, अर्थात तपासणी व्हायची आहे. सोबत एक ओळ. ‘पान साठला गळतंय. पुढे घट्ट. पास.’ ‘शेवट घाईत बसवलाय. रिजेक्ट.’ एका जाडजूड आत्मचरित्राखाली नुसतंच ‘रिजेक्ट. कव्हर बरं आहे.’ मी कपाळाला हात लावला. अगं, आपल्याला पुस्तकं विकायची आहेत, असं तिला समजावलं, तर म्हणाली, तोट्याही विकायच्याच होत्या.

शनिवारी पाच वाजता आमच्याकडे वाचनकट्टा भरतो. दहाबारा माणसं, मधे खारीची पिशवी, आणि महिन्याला ठरवलेलं एक पुस्तक. लोक येतात ते गप्पा मारायला, हे मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, खारीलाही माहीत असावं. आत्याला मान्य नाही. ती दारातच येणाऱ्याचं सँपल घेते. एकशे बाराव्या पानावर काय होतं, धाकटा भाऊ घर कशासाठी सोडतो, असं विचारते, आणि उत्तर आलं नाही तर माणसाला मागच्या बाकावर बसवून पुस्तक हातात देते. आमचे एक निवृत्त बँक मॅनेजर तिथे निमूट बसून वाचायचे. पुढे चार शनिवार त्यांच्याकडे ओळीने पाहुणेच आले. मी आत्याशी भांडले. ती म्हणाली, मग पाहुण्यांनाही घेऊन यायचं होतं.

लेखक यायचे असले की मला आदल्या दिवसापासून धडधड. एकदा एक कादंबरीकार आले होते, चांगले नावाजलेले. खुर्च्या भरल्या, त्यांनी सुरेख वाचून दाखवलं, दोन बायकांनी डोळे पुसले. मग प्रश्न विचारायची वेळ झाली आणि आत्या वही घेऊन उभी राहिली. ‘तुमच्या नायिकेला दिवस गेले गणपतीत,’ ती अगदी आदराने म्हणाली, ‘बाळंत झाली पुढच्या वर्षीच्या दिवाळीत. मधले महिने मोजले कोणी?’ त्या भल्या माणसाने मंचावरच बोटं मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या हाताला पोचले तेव्हा मी चहा आणायला सांगितला. पुढचे दोन महिने त्यांचा फोन आला की मी दुकानात नसायचे.

हे सगळं मी सहन केलं, कारण आपलंही एक पुस्तक येणार आणि त्याला आत्या हिरवी चिठ्ठी लावणार, अशी मला मनातून खात्री होती. आठ कथा, सात वर्षं लिहीत होते. पहिली प्रत तिला दिली. तिने पिशवीत घातली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पुस्तकाखाली पिवळी चिठ्ठी. होल्ड. बाई कुठल्याही पुस्तकाचा दोन दिवसांत फडशा पाडते. आठवडा गेला, दुसरा गेला, चिठ्ठी पिवळीच. गिऱ्हाईकं विचारू लागली, तुमच्याच पुस्तकाला होल्ड का हो? मी हसून वेळ मारून न्यायचे आणि आत जाऊन धुमसायचे. आवडलं नाही आणि तोंडावर सांगवत नाही, दुसरं काय असणार? चौथ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. लाल लाव, पण काहीतरी लाव, असं मी चक्क गिऱ्हाइकासमोर ओरडले. ती म्हणाली, तपासणी चालू आहे.

त्याच संध्याकाळी नव्या पुस्तकांचं कपाट पुसताना माझ्या लक्षात आलं, की महिन्याभरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाखाली पिवळी चिठ्ठी होती. माझ्याच पुस्तकाकडे बघत बसल्यामुळे मला बाकीची दिसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला सरळ विचारलं. आधी उडवाउडवी केली. मग म्हणाली, डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी आहे, दोन महिने झाले. कडेचं दिसतं, पण ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच पुसला जातो. डॉक्टर इंजेक्शनं देतात, आणखी बिघडू नये म्हणून. गेलेलं परत येईल असं म्हणत नाहीत. मला रडूच आलं, आणि रडता रडता रागही आला. म्हटलं, ‘अगं, न वाचताच हिरवी लावायचीस ना. मला कुठे कळणार होतं?’

‘तुका नाय गो,’ ती म्हणाली. ‘पण माका कळलां असतां ना.’

तेव्हापासून दुपारी दोन ते चार, दुकानात कोणी नसतं तेव्हा, मी तिला माझं पुस्तक वाचून दाखवते. छळ आहे नुसता. प्रत्येक पानाला थांबवते, परत वाच म्हणते, हा माणूस आत्ताच उठून गेला होता, मग बोलतोय कोण, असं विचारते. दुसरी कथा तिने तिथल्या तिथे रिजेक्ट केली आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. चौथ्या कथेतली आई मरते तिथे मात्र ती एवढंच म्हणाली, पुढे वाच.

पाच कथा झाल्या, तीन उरल्या आहेत. हल्ली मी फार हळू वाचते.